कोल्ड केस की अनफरगॉटन?

साताऱ्यात पाऊस लागला की आमच्या घरी मालिका लागते. वडील निवृत्त हवालदार. ‘अ समरी’ हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, म्हणून फाईल बंद. खुनाला मात्र मुदत नसते. नवा धागा हाती लागला की तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. ‘कोल्ड केस’ आणि ‘अनफरगॉटन’ या दोन्ही मालिका नेमक्या इथूनच सुरू होतात.

‘कोल्ड केस’ (२००३ ते २०१०) अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातली. पोलीस तपास अधिकारी लिली रश एका भागात एक प्रकरण उलगडते. त्या त्या काळातली गाणी, तरुण चेहऱ्याच्या जागी अचानक दिसणारा म्हातारा चेहरा, शेवटी क्षणभर उभा राहिलेला मृत माणूस. डोळे भरून येतातच. पण पाऊण तासात कबुली, हे वडिलांना पटत नाही.

२०१५ साली सुरू झालेली ब्रिटिश ‘अनफरगॉटन’ एका प्रकरणाला सहा भाग देते. पहिल्या पर्वात पाडलेल्या घराच्या तळघरात हाडं सापडतात. मग कॅसी आणि सनी हे पोलीस अधिकारी दारोदार जातात, शांतपणे विचारतात. संशयित आता वयस्कर, संसारी. घरच्यांना काहीच ठाऊक नाही. एकेक घर आतून कसं उसवतं, ते बघवत नाही आणि सोडवतही नाही. माझं मत हिलाच.

मुलाची वाट बघत म्हातारी झालेली आई दिसली, तेव्हा वडिलांनी आवाज कमी केला. म्हणाले, “अशी एक बाई दर सोमवारी पोलीस ठाण्यात यायची.”