‘ताई, आज नको’ : एका रक्तपेढीचा चार वर्षांचा अनुभव

चार वर्षांपूर्वी नाशिकमधील या धर्मादाय रक्तपेढीत मी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी रक्त न देताच घरी परतले. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब तंत्रज्ञ बाईंनी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. तो थोडा खाली गेला, मध्येच थबकला आणि वर आला. या द्रावणाची सापेक्ष घनता 1.053 इतकी राखलेली असते आणि ज्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे 12.5 ग्रॅम किंवा अधिक हिमोग्लोबिन असते, त्याचा थेंब सरळ तळाला जातो. बाईंनी खात्रीसाठी यंत्रावर पुन्हा मोजले, तर आकडा 11.2 आला. “ताई, आज नको. आधी तुमचं तुम्हाला पुरू द्या,” असे म्हणून त्यांनी मला शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पाठवले.

या रक्तपेढीबद्दल लिहावेसे वाटले ते त्या शेजारच्या खोलीमुळे. रक्त घेता येत नाही म्हटल्यावर दात्याला दारापर्यंत पोचवून मोकळे होणे सोपे असते. येथे मात्र त्या बाईंनी मला वीस मिनिटे दिली. पाळीत रक्तस्राव किती होतो, जेवणावर लगेच चहा घेते का, जिना चढताना दम लागतो का, हे सगळे त्यांनी विचारले. दम लागत होता, पण चाळिशीनंतर असे व्हायचेच, अशी माझी समजूत होती. गोळ्या मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा, असे त्यांनी बजावून सांगितले. डॉक्टरांनी तपासण्या करून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, अन्नातले लोह अंगी लागावे म्हणून जेवणानंतरचा चहा तासभर पुढे गेला आणि पालेभाजीवर लिंबू पिळण्याची सवय घरातल्या सर्वांनाच लागली. पाच महिन्यांनी मी पुन्हा त्याच टेबलापाशी उभी राहिले तेव्हा थेंब तळाला गेला आणि यंत्राने 12.9 दाखवले. जिन्यावर लागणारा दम त्याआधीच थांबला होता. रक्तदानाचा मला झालेला पहिला फायदा रक्त देण्याआधीचाच आहे, आणि तो एका प्रामाणिक नकारातून मिळाला.

हे मोल मला विशेष जाणवते, कारण त्यापूर्वी दोन वर्षे आधी मी दुसऱ्याच एका ठिकाणी, एका मंडपातल्या शिबिरात रक्त दिले होते. तेथे रांग मोठी होती, ध्वनिक्षेपकावरून पिशव्यांचा आकडा घोषित होत होता आणि प्रत्येक दात्याला भेट म्हणून प्रवासी बॅग मिळत होती. माझ्या बोटाला कोणी टोचले नाही, तरीही माझ्या अर्जावर हिमोग्लोबिनच्या रकान्यात 13 हा आकडा लिहिलेला मी पाहिला. त्या दिवशी घरी आल्यावर मला घेरी आली आणि पुढे कित्येक दिवस अंगात त्राण नव्हते. शिबिरे वाईट असतात असे माझे म्हणणे मुळीच नाही, महाराष्ट्रातील रक्तसंकलनाचा मोठा भार शिबिरांवरच आहे. पण तो खोटा आकडा लिहिणाऱ्याने माझ्या प्रकृतीशी खेळ केला, हे आजही मला माफ करता येत नाही.

या रक्तपेढीतील पद्धत नेमकी याच्या उलट आहे. अर्ज भरल्यावर दार लावून एकांतात प्रश्न विचारले जातात : अलीकडचा ताप, चालू औषधे, शस्त्रक्रिया, गोंदण, काल रात्रीची झोप, सकाळचा नाश्ता. मग वजन, नाडी आणि रक्तदाब. माझे वजन 52 किलो असल्यामुळे माझ्याकडून 350 मिलिलिटरच घेतले जाते. 450 मिलिलिटरची पिशवी 55 किलोंच्या वरच्या दात्यांसाठी असते आणि 45 किलोंच्या आतील व्यक्तीकडून रक्त घेतच नाहीत. दोन दानांमध्ये पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवसांचे अंतर असावे लागते. एकदा मी 110व्या दिवशी गेले, तेव्हा त्यांनी कार्ड पाहून हसतमुखाने दहा दिवसांनी बोलावले.

सुई जाड असते, हे लपवण्यात अर्थ नाही. टोचताना कळ येते, पण ती दोन श्वासांपुरती. त्यानंतर नळी मनगटाजवळ चिकटपट्टीने बसवतात आणि तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताची ऊब आपल्याच कातडीला बाहेरून जाणवते. पहिल्यांदा ते जाणवले तेव्हा मी चकित झाले. आपले रक्त एवढे गरम असते हे इतक्या वर्षांत कधी ध्यानातच आले नव्हते. मुठीत स्पंजचा चेंडू, बाजूला पिशवीला सावकाश झुलवणारे यंत्र, आणि सात-आठ मिनिटांत काम पूर्ण. नंतरची पंधरा मिनिटे सरबत आणि बिस्किटे घेत बसावेच लागते. कितीही घाई सांगितली तरी परिचारिका उठू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

विनंती केल्यावर तेथील डॉक्टरांनी मला एकदा काचेपलीकडचा भाग दाखवला. प्रत्येक पिशवीच्या नमुन्याची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. रक्त वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश तापमानात 35 ते 42 दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वर्षभर राहतो, पण रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सचे आयुष्य अवघे पाच दिवसांचे. 20 ते 24 अंशांच्या कपाटात त्या पिवळसर पिशव्या अखंड हलत असतात. डेंग्यूच्या दिवसांत हे कपाट रिकामे का दिसते, हे त्या पाच दिवसांवरून समजते. रक्तगट येथे दोन पद्धतींनी पडताळतात. एरवी ‘ओ’ वाटणारे रक्त क्वचित ‘बॉम्बे’ गटाचे निघू शकते आणि अशा रुग्णाला त्याच गटाचे रक्त द्यावे लागते. हा गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत शोधला, हे त्या डॉक्टरांनी अगदी घरच्या माणसाबद्दल बोलावे तशा अभिमानाने सांगितले.

शनिवारी गेले की थॅलेसेमियाची, म्हणजे शरीरात पुरेसे रक्त तयार न होण्याचा आनुवंशिक आजार असलेली, मुले भेटतात. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि या मुलांसाठी येथे एक पैसाही घेतला जात नाही. इतरांकडून घेतले जाते ते प्रक्रियाशुल्क. रक्ताची किंमत नव्हे. त्याचा फलक खिडकीपाशी ठळकपणे लावलेला आहे.

आता फायद्यांविषयी. ‘रक्त दिले की नवे रक्त येते आणि प्रकृती सुधारते’ असे सर्रास सांगितले जाते. गेलेला द्रवांश एक-दोन दिवसांत भरून निघतो आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात, हे खरे. पण 350 मिलिलिटरबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोहही जाते आणि आपल्याकडील अनेक बायकांजवळ मुळात साठाच तुटपुंजा असतो. ज्यांच्या शरीरात आजारामुळे लोह साचते, त्यांच्यासाठी रक्त काढणे हा उपचारच आहे. बाकीच्यांना हृदयविकार टळेल अशी हमी देऊ नये, आणि या रक्तपेढीच्या पत्रकात ती दिलेली नाही, याचे मला कौतुक वाटते. वर्षातून तीन वेळा हिमोग्लोबिन आणि रक्तदाब जाणत्या हातांनी तपासला जातो, हा माझ्या मते दात्याचा खरा लाभ आहे. मात्र संसर्गाची शंका असताना फुकट तपासणी होईल म्हणून कोणी रक्त देऊ नये. लागण नुकतीच झालेली असेल तर ती तपासणीत सापडत नाही आणि ते रक्त कोणाच्या तरी शरीरात जाते.

उणिवाही आहेत. दात्याचा अर्ज आजही केवळ इंग्रजीत आहे. गावाकडून नातेवाइकासाठी आलेली माणसे न वाचताच खुणा करताना मी पाहिली आहेत, आणि ज्या प्रश्नांवर रुग्णाचा जीव अवलंबून आहे ते मराठीत नसणे ही गंभीर चूक आहे. रविवारी दुपारी एकनंतर दान स्वीकारत नाहीत, म्हणजे नोकरदारांची सोयीची वेळच निघून जाते. चौकशी केल्याशिवाय तपासणीचा अहवाल कळत नाही. मी तिन्ही गोष्टी सूचनावहीत दोनदा लिहिल्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचा फोन आला आणि मराठी अर्जाचा मसुदा तपासायला येता का, असे त्यांनी विचारले.

मसुदा सध्या माझ्याकडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असल्याने पिशव्या कमी पडतात, म्हणून नवव्या दानानंतर कार्डावर पुढची तारीख मी मुद्दाम 2 मे अशी लिहून घेतली आहे. त्याच दिवशी अर्ज त्यांच्या हाती देईन.