पाच वॅटचा स्वस्त ट्यूब अँप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीतल्या एका रात्री साडेदहाच्या सुमारास गिटार वाजवता वाजवता माझ्या ट्यूब अँपचा आवाज एकदम बसल्यासारखा वाटला, म्हणून मी मागच्या जाळीतून आत पाहिले, तर पॉवर ट्यूबच्या, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हच्या, आतली करडी प्लेट एका बाजूने लाल झालेली दिसली. फिलामेंटचा, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेचा, नारिंगी उजेड सगळ्यांनाच आवडतो. प्लेट लाल होणे मात्र ट्यूब जळण्याच्या वाटेवर असल्याचे लक्षण आहे. मी स्विचकडे हात नेईपर्यंत फ्यूज उडाला होता. अँप घेऊन तेव्हा सात महिने झाले होते.

तिसऱ्या महिन्यात लिहायला बसले असते, तर मी निव्वळ कौतुक लिहिले असते. एक १२एएक्स७ (गिटारचा आवाज आधी वाढवणारी छोटी ट्यूब), एक ईएल८४ (पॉवर ट्यूब), दोन नॉब आणि आठ इंची स्पीकर ही मांडणी वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. साडेसतरा हजारांत आलेल्या या डब्याने मला जे दिले ते आधीच्या ट्रान्झिस्टर अँपने सहा वर्षांत दिले नव्हते: तार हलकी छेडली की स्वच्छ, जोरात छेडली की किंचित फाटलेला, आणि हा फरक नॉबला हात न लावता केवळ बोटांनी घडवता येणारा आवाज. गणेशोत्सवाच्या तालमी मी याच्यावर केल्या आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पाच वॅट पुरून उरले.

तक्रार एकच होती आणि ती पहिल्या दिवसापासून होती. अँप चालू करून अर्धा मिनिट झाले की स्पीकरमधून सलग घुमणारा आवाज सुरू होई, ज्याला आम्ही वादक मंडळी ‘हम’ म्हणतो. गाणे चालू असताना तो झाकला जाई. पण दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत, किंवा एखादा सूर लांबवून हळूहळू विरू द्यायचा असेल तेव्हा, तो सुराच्या खालून वर येई आणि सूर संपल्यावरही उरे. ज्याने तंबोऱ्यावर कान तयार केला आहे त्याला असा परका स्वर किती त्रास देतो हे वेगळे सांगायला नको. ऑगस्टपर्यंत तो इतका वाढला की आई शेजारच्या खोलीतून विचारू लागली की फ्रीज बिघडला आहे का.

विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलेला उपाय मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण तो इतरांनाही सांगितला जात असणार. ‘प्लगची अर्थची पिन काढून टाका, आवाज थांबेल.’ हे कोणीही, कधीही, एका तालमीपुरतेसुद्धा करू नये. दोन यंत्रे वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेल्यावर होणारा ग्राउंड लूपचा हम यामुळे कधी कधी थांबतो, हे खरे आहे. पण गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून थेट अँपच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटून चासीत २३० व्होल्ट उतरले, तर अर्थ असताना फ्यूज उडतो आणि अर्थ नसताना तो प्रवाह वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. जुन्या घरांत अर्थची वायर आधीच बेभरवशाची असते. आमच्याकडे ती तपासून घेतली तेव्हा एका खोलीत ती सॉकेटपर्यंत पोचलेलीच नव्हती.

ट्यूब गेल्यावर सेवा केंद्राने सांगितले की ट्यूबवर हमी केवळ तीन महिन्यांची आहे, अँप त्यांच्या शहरात स्वखर्चाने पाठवावा लागेल, आणि तपासणीसह अंदाजे खर्च ४,२०० रुपये येईल. बिघाडाचे कारण काय असावे, या प्रश्नाला ‘ट्यूब आहे, जातेच’ एवढेच उत्तर मिळाले. अँपच्या किमतीचा चौथा भाग देऊन कारण न कळता तीच ट्यूब पुन्हा बसवून घेणे मला मान्य नव्हते. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकले असल्यामुळे मी तो स्वतः उघडला. ज्यांनी कधी उच्च दाबाचे सर्किट हाताळलेले नाही त्यांनी पुढचे वाचावे, पण हात जाणकाराचाच लावावा; प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (विजेचा दाब साठवून सपाट करणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो. मी दहा किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरने तो उतरवते, मीटरवर शून्य पाहते आणि मगच आत बोट घालते.

हम कुठून येतो ते ओळखण्याची एक सोपी रीत मला त्यात सापडली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फिलामेंटच्या वायरिंगमधून येणारा हम ५० हर्ट्झचा असतो, तर ब्रिज रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांनंतर, अपुऱ्या गाळणीमुळे उरलेला हम १०० हर्ट्झचा असतो. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर येणारा जी हा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. ट्यूनरवर गिटार नीट लावून, नवी ट्यूब घालून मी अँप चालू केला आणि तो स्वर वाजवला, तेव्हा हम आणि स्वर एकमेकांत मिसळून सेकंदाला साधारण दोन अशा लयीत आवाज उठू-बसू लागला. म्हणजे हम १०० हर्ट्झचा होता. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो तसाच राहिला. १२एएक्स७ काढून ठेवली तरी तसाच राहिला. दोष पॉवर सप्लायमध्ये होता यात शंका उरली नाही. बोर्ड उलटा केल्यावर पहिला फिल्टर कपॅसिटर डोक्यावर फुगलेला सापडला. त्याच्या अंगावर ३५० व्होल्ट छापलेले होते.

इथे मी चुकीच्या निष्कर्षावर आले. कंपनीने हलका कपॅसिटर वापरला, तो बदलला की प्रश्न मिटेल, असे मला वाटले. पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ४५० व्होल्टचे कपॅसिटर आणले, २२ मायक्रोफॅरडच्या जागी ४७ बसवला आणि हम एवढा उतरला की त्या रात्री मी तासभर नुसते एकेक सूर लांबवत बसले. पण अकरा वाजता पाहिले तर नव्या ट्यूबची प्लेट पुन्हा कडेने लालसर होत होती.

महाद्वार रोडच्या एका बोळात पूर्वी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे एक काका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. मी माझी सगळी मोजमापे वहीत लिहून त्यांच्याकडे गेले. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारले, ‘पोरी, घरात मेन्स किती येतोय ते बघितलंस का आधी?’

भिंतीतून येणाऱ्या विजेचा दाब मी पाहिलाच नव्हता. त्या रात्री अधूनमधून मोजले: संध्याकाळी सातला २२८, नऊला २३६, साडेदहाला २४७. आणि अँपच्या ट्रान्सफॉर्मरवर, बोर्डाकडच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापले होते: २२० व्होल्ट.

या एका आकड्यात अँपचा सगळा इतिहास होता. २२० व्होल्टवर ६.३ व्होल्ट देणारे फिलामेंटचे वळण २४७ वर सात व्होल्टच्या वर जाते. मीटरवर मला ७.१ दिसले, आणि ट्यूबला वर-खाली दहा टक्के, म्हणजे ६.९ पर्यंतच, चालते. ईएल८४ ची प्लेटवरची मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट आहे. माझ्याकडे प्लेटवर ३१८ व्होल्ट होते, ट्यूबचा सगळा प्रवाह ज्यातून जातो त्या १५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ८.१ व्होल्ट होते, म्हणजे ५४ मिलिअँपिअर. त्यातला स्क्रीनचा (ट्यूबच्या आतल्या दुसऱ्या जाळीचा) वाटा अंदाजे पाच धरून वजा केला तरी प्लेटवर पंधरा वॅट जळत होते. कपॅसिटर का फुगला हेही त्यातच आले. सिलिकॉन डायोड स्विच दाबताक्षणी पूर्ण दाब देतात, ट्यूब तापून प्रवाह घेऊ लागेपर्यंत मात्र दहा-पंधरा सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात दाब ३६८ पर्यंत चढत होता. ३५० व्होल्टच्या कपॅसिटरला दर रात्री हा धक्का बसत होता. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंना पाठीमागे २००, २२०, २४० अशी टॅप, म्हणजे घरातल्या दाबाप्रमाणे ट्रान्सफॉर्मरची जोडणी, निवडण्याची सोय असे. काकांनी आयुष्यभर आधी तीच तपासली होती, म्हणून त्यांना तो प्रश्न सुचला.

त्यामुळे सेवा केंद्रावरचा माझा राग कायम आहे, पण त्याचे कारण बदलले आहे. अँपची रचना वाईट नाही. ज्या देशात २३० व्होल्ट अधिकृत दाब आहे आणि दहा टक्के चढउतार गृहीत धरला जातो, तिथे २२० चा ट्रान्सफॉर्मर बसवून तो विकणे ही चूक आहे, आणि ट्यूब गेल्याचे ऐकून ग्राहकाला मेन्सचा दाब न विचारणे ही त्याहून मोठी चूक आहे.

उपाय स्वस्तात झाला. आधी फ्रीजचा स्टॅबिलायझर लावून पाहिला, पण त्याचा रिले बदलताना होणारा ‘टक’ स्पीकरमधून ऐकू येई. मग काकांनी सुचवल्याप्रमाणे तंत्रनिकेतनातला प्रत्येक विद्यार्थी ज्यावर पॉवर सप्लाय बनवतो तोच १२-०-१२ (दुय्यम वळणातून बारा-बारा, मिळून चोवीस व्होल्ट देणारा), एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला आणि त्याचे दुय्यम वळण मेन्सच्या मालिकेत उलट्या दिशेने जोडले, म्हणजे येणाऱ्या दाबातून पंचवीसेक व्होल्ट वजा होतात. अँप चाळीस-पन्नास वॅटच घेतो, त्यामुळे एवढा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. वळणाची दिशा मात्र अँप जोडण्याआधी मीटरवर तपासावी लागते. मी पहिल्यांदा तारा उलट धरल्या आणि मीटरवर २७१ आले. शिवाय हे दुय्यम वळण आता बारा व्होल्टचे निरुपद्रवी वळण राहत नाही, ते मेन्सलाच जोडलेले असते, म्हणून उद्यमनगरातून पत्र्याची बंद पेटी वाकवून घेतली, ती अर्थ केली आणि फ्यूज आत बसवला. २४ ऐवजी १२ निवडण्याचा एक स्विचही ठेवला, जो संध्याकाळी दाब कमी असताना कामाला येतो.

आता रात्री साडेदहाला भिंतीत २४७ असताना अँपला २२१ मिळतात, फिलामेंटवर ६.३ राहतात आणि प्लेटवर २८६. कॅथोडचा रेझिस्टर १५० वरून १८० ओहम केल्यावर प्लेटवरचा भार अकरा वॅटच्या आसपास आला. आवाजाची ताकद किंचित कमी झाली असेल, पण मला कानाने ती जाणवत नाही.

हमबद्दल लिहायचे राहिले. शंभर हर्ट्झचा गेल्यावर त्याच्याखाली लपलेला पन्नास हर्ट्झचा बारीक हम उघडा पडला. तो व्हॉल्यूमबरोबर वाढत होता आणि १२एएक्स७ काढली की थांबत होता, म्हणजे तो पहिल्या टप्प्याच्या फिलामेंटमधून येत होता. बोर्डवर फिलामेंटचे एक टोक सरळ ग्राउंडला जोडलेले होते. तो ट्रॅक कापून दोन्ही टोकांपासून ग्राउंडपर्यंत शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टर लावले, त्यामुळे दोन्ही बाजूंचा परिणाम पहिल्या ग्रिडवर (गिटारचा आवाज जिथे ट्यूबमध्ये शिरतो त्या जाळीवर) एकमेकाला खोडून काढतो. एका रुपयाच्या दोन वस्तूंनी एवढा फरक पडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आता व्हॉल्यूम निम्म्यावर असताना स्पीकरच्या जाळीला कान लावला तर हलकी फुसफुस ऐकू येते, हम येत नाही. सूर विरतो आणि त्याच्यानंतर खोलीतले घड्याळ ऐकू येते. अकरा महिन्यांत मला या अँपकडून जे हवे होते ते हेच होते.

त्याच बैठकीत पहिल्या टप्प्याचा २२ मायक्रोफॅरडचा कॅथोड कपॅसिटर काढून एक मायक्रोफॅरडचा लावला, ज्यामुळे छोट्या पेटीत खालच्या तारांचा होणारा गढूळपणा कमी झाला, आणि सप्लायवर २२० किलोओहमचा ब्लीडर बसवला, म्हणजे बंद केल्यावर दोन मिनिटांत दाब आपोआप उतरतो.

एकूण खर्च १,०८० रुपये झाला. त्यात आता बसवलेली पॉवर ट्यूब धरलेली नाही, कारण ती काकांनी एका पुठ्ठ्याच्या डब्यातून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ती बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची जुनी ईएल८४ आहे, काचेवरची पांढरी छपाई बोट लागले तरी पुसली जाते, म्हणून मी ती रुमालाने धरून बसवली. मूळ कंपनीच्या ट्यूबपेक्षा ती चांगली वाजते असे मी म्हणणार नाही, कारण मूळ ट्यूब मी योग्य दाबावर कधी ऐकलीच नाही.

स्पीकर मात्र अजून तोच आहे, आणि पाचव्या तारेच्या मोकळ्या सुरावर पेटीची मागची फळी थरथरते. पुढच्या महिन्यात बारा इंची, आठ ओहमच्या स्पीकरची पेटी सुताराकडून करून घेणार आहे. बदलताना अँप बंद ठेवायचा हे लक्षात ठेवावे लागेल, कारण स्पीकर न जोडता ट्यूब अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो भाग डब्यातून काढून द्यायला काकांकडेही नाही.