अहमदाबाद, सुरत की कोची? जुनी व्यापारी शहरं पाहायला पुण्याहून कुठे जावं

चार दिवसांची जोडून सुट्टी मिळाली की पुण्यातली बरीच मंडळी कोकण नाहीतर महाबळेश्वर गाठतात. पण ज्यांचा जीव जुन्या पेठा, वाडे आणि वखारींत रमतो, त्यांच्यासाठी अहमदाबाद, सुरत आणि कोची ही तीन शहरं आहेत. तिन्ही एकाच सफरीत उरकायचा मोह मात्र आवरा. अहमदाबाद आणि सुरत एकाच रेल्वेमार्गावर असल्यामुळे त्यांची जोडी जमते. कोचीला वेगळी सुट्टी द्या.

पहिल्यांदाच निघत असाल तर माझं मत अहमदाबादला. सुरत-कोचीत व्यापाराच्या खुणा दिसतात, इथे व्यापाऱ्यांची जुनी वस्ती अजून नांदती आहे. १४११ मध्ये अहमदशहाने वसवलेल्या या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. तो मान मिळवणारं हे भारतातलं पहिलं शहर. महापालिकेचा हेरिटेज वॉक सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमधून, वळणं घेत जामा मशिदीपाशी संपतो. तो चुकवू नका. जुन्या घरात शिरलात की आधी ओटा, मग चौक, चौकाच्या फरशीखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं आणि वर मजल्याला आधार देणारे कोरीव लाकडी टेकू. शनिवार-नारायण पेठेत एकेक वाडा पडताना पाहिलेल्या माणसाला त्या चौकात उभं राहिल्यावर गलबलून येतं.

तीन दरवाजापाशी तर पुणेकराने थांबायलाच हवं. तिथे १८१२ सालचा देवनागरीतला शिलालेख आहे. मराठी अंमलातला सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचं हे फर्मान: मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला वाटा विनाअडथळा मिळावा, जो मोडेल त्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा. दोनशे वर्षांपूर्वी हे भर बाजाराच्या वाटेवर दगडात कोरलं गेलं, हे वाचताना मला फार अभिमान वाटतो.

शाहीबागेतलं कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं. प्रवेश मोजक्यांनाच, फोटो काढायचे नाहीत आणि लहान मुलांबाबतचे नियम कडक आहेत. तरी ज्या कापडावर हे शहर उभं राहिलं, ते इतकं नीट दुसरीकडे कुठे दिसणार? रात्री माणेकचौक. दिवसा जिथे सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात, तिथेच खाण्याच्या गाड्या लागतात.

बरोबर आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर मात्र कोचीच बरं. फोर्ट कोची सपाट, सावलीचं आणि निवांत आहे. अहमदाबादच्या पोळांतली स्कूटरची गर्दी वयस्कर माणसांना दमवते. पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हटवलं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना, आणि या सगळ्यांचं थोडं थोडं एकमेकांशेजारी शिल्लक आहे. वास्को-द-गामाला १५२४ मध्ये जिथे पुरलं, ते सेंट फ्रान्सिस चर्च इथलंच. मट्टनचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं सावकाश पाहा. जवळच १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, परदेशी सिनेगॉग आहे, त्याच्या जमिनीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या. भोवतीच्या गल्ल्यांत सुंठ-मिऱ्याचा वास असतो आणि मट्टनचेरीत कोंकणी कानावर पडली तर नवल नको. गोव्याहून आलेली सारस्वत कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रेल्वेने जाण्यात एक दिवस-रात्र जाते, म्हणून विमानानेच जावं. त्यामुळे खर्च वाढतो, हेही धरून चाला. जून ते सप्टेंबर टाळा.

सुरतेला मुक्काम नको, अर्धा-पाऊण दिवस पुरे. तापीत गाळ साचत गेला, व्यापार मुंबईकडे वळला आणि आजच्या कापड-हिऱ्यांच्या शहरात जुनं फार थोडं उरलं. पण कतारगाम भागातली इंग्रज आणि डच दफनभूमी पाहाच. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन इथल्या एका टोलेजंग, घुमटाच्या कबरीत आहे. डचांकडची भव्य कबर व्हान रीडची. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ ज्याने कोचीत असताना सिद्ध करवून घेतला, तोच हा. पुढेमागे कोचीला जाणार असाल तर ही कबर आधी पाहून ठेवा. थंडीत गेलात तर कोवळ्या ज्वारीचा पोंक आणि शेव खाऊनच गाडी पकडा.

अहमदाबादला रात्रीची गाडी पकडलीत की सकाळी पोहोचता. परतताना दुपारपर्यंत सुरत करून पुढची गाडी घ्यावी. तारखा ठरवताना वार तेवढे पाहा: कॅलिको बुधवारी बंद असतं, मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी आणि सिनेगॉग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस. म्हणजे शनिवार-रविवार धरून कोचीला निघालात तर सिनेगॉगसाठी हाती फक्त रविवार उरतो.