पक्षाघातानंतर हातासाठी उद्दिष्ट ठरवून दिली जाणारी थेरपी : एका सेवेचे परीक्षण

पक्षाघातानंतर माझ्या वडिलांचा उजवा हात थोडाफार हलत होता, पण कामाला येत नव्हता. सुरुवातीला मिळालेली फिजिओथेरपी सांधे आखडू नयेत एवढ्यापुरतीच होती : कोपर दुमडणे, खांदा फिरवणे, मऊ चेंडू दाबणे. पुढे आम्ही ज्या पुनर्वसन केंद्रात गेलो, तेथे हाताचा सगळा सराव रुग्णाने स्वतः निवडलेल्या कामाभोवती आखला जातो. ही सेवा मला चांगली वाटली, मात्र उद्दिष्ट ठरवल्याने हात अधिक बरा होतो, या ज्या कारणासाठी ती चांगली म्हणून सांगितली जाते त्या कारणासाठी नव्हे.

पहिली भेट जवळजवळ पूर्ण उद्दिष्ट ठरवण्यातच गेली. हात पूर्वीसारखा व्हावा, असे वडिलांनी सांगितले. बहुतेक रुग्ण हेच सांगत असावेत, कारण ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) त्यावर वाद घातला नाही आणि आश्वासनही दिले नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस त्यांनी क्रमाने विचारला आणि कोणकोणत्या क्षणी दुसऱ्याला हाक मारावी लागते, ते लिहून घेतले. त्यातून सदऱ्याची बटणे पुढे आली. आईने रोज बटणे लावून द्यावीत, याचा वडिलांना किती संकोच वाटत होता, हे आम्हाला घरात राहूनही कळले नव्हते. मग खुर्चीत बसून, समोरून उघडणाऱ्या सदऱ्याची बटणे दोन्ही हातांनी स्वतः लावणे, असे उद्दिष्ट लिहिले गेले आणि त्याच्या उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या केल्या गेल्या. शून्य म्हणजे ठरलेल्या मुदतीत अपेक्षित असलेली प्रगती. तिच्यापेक्षा कमी किंवा जास्त जमले तर काय दिसेल, तेही सराव सुरू होण्याआधीच शब्दांत मांडलेले होते. ही पद्धत १९६८ पासून वापरात आहे. तिचा मोठा फायदा असा की, शेवटी ‘बरीच सुधारणा आहे’ असे मोघम बोलून कोणालाच वेळ मारून नेता येत नाही.

प्रत्यक्ष सराव पाहण्यासारखा होता. बटण लावणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते; तिचे इतके तुकडे पडतात याची मला कल्पना नव्हती. आधी लाकडी फळीवर ताणून बसवलेल्या कापडाची मोठी बटणे, मग टेबलावर पसरलेला सदरा, मग अंगातला सदरा, आणि त्यातही छातीवरचे बटण आधी व गळ्याजवळचे सर्वांत शेवटी, कारण तिथे नजर पोहोचत नाही. हात पुढे नेताना वडील कमरेतून झुकत आणि खांदा कानाकडे उचलत. थेरपिस्टने छातीवरून एक रुंद पट्टा घेऊन पाठ खुर्चीला टेकवून ठेवली, आणि तेव्हा कोपर सरळ करण्याचे काम खऱ्या अर्थाने कोपराकडे आले. सर्वांत अवघड निघाले ते पकडणे नव्हे, सोडणे. बटणाची कड चिमटीत यायची, पण बोटे उघडायची नाहीत. मनगट किंचित खाली वाकवले की बोटांमागचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटे थोडी सैल होतात, हे त्यांना दाखवले गेले. पुढे कितीतरी दिवस घरात ते दाराची कडी, चष्म्याची पेटी, जे हाती येईल ते असेच मनगट वाकवून सोडत होते.

आता या पद्धतीच्या दाव्यांविषयी. उद्दिष्ट ठरवल्याने हात अधिक बरा होतो, असा पुरावा सहज सापडत नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६१ रुग्णांच्या अभ्यासात कामावर आधारित, नीट आखलेली थेरपी आणि तेवढ्याच तासांची नेहमीची थेरपी यांच्यात वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीतही यंत्रमानवाच्या साहाय्याने दिलेला सराव किंवा उद्दिष्टानुसार वारंवार करून घेतलेला सराव, यांपैकी काहीच हाताच्या कार्यक्षमतेच्या मुख्य मोजमापात नेहमीच्या उपचारांना मागे टाकू शकले नाही. तरीही मी या सेवेच्या बाजूने आहे. चेंडू दाबण्याचा व्यायाम वडील आम्ही आठवण केल्याशिवाय करत नसत. बटणाचा सराव मात्र सदरा घालण्यातच होता, त्यासाठी वेगळी वेळ काढावी लागली नाही. दुबळा हात वापरलाच नाही तर चांगला हात सगळी कामे आपल्याकडे ओढून घेतो आणि असलेली ताकदही निरुपयोगी राहते. ती सवय घरातल्या दिवसभरात मोडावी लागते, आणि उद्दिष्टाचा खरा उपयोग मला तिथे दिसला.

म्हणूनच केंद्राची मुख्य उणीव अधिक खटकते, ती म्हणजे आवर्तने कमी पडतात. अमेरिका व कॅनडातील केंद्रांच्या निरीक्षणावर आधारलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाताच्या कामांचा सराव झाला त्या सत्रांत तो सरासरी ३२ वेळाच झाल्याचे आढळले होते. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र मेंदूत बदल दिसले ते शेकडो आवर्तनांनंतर. आमच्या सत्रांतही शेक, ताण देणे आणि गप्पा यांतच बराच वेळ जाई आणि बटणांपर्यंत येईतो पुढचा रुग्ण दारात उभा असे. घरी करण्यासाठी दिलेला कागद तर सरसकट सगळ्यांना दिला जाणारा छापील नमुना होता. उद्दिष्ट इतक्या बारकाईने लिहून घ्यायचे आणि घरचा सराव मात्र कोणाचाही चालेल असा द्यायचा, हे माझ्या समजुतीपलीकडचे आहे. खांद्याच्या दुखण्याकडेही उशिरा लक्ष दिले गेले. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू ढिले पडतात, त्यामुळे रुग्णाला उठवताना त्या हाताला धरून ओढू नये, ही सूचना पहिल्याच दिवशी सर्व कुटुंबीयांना मिळायला हवी होती.

ज्यांच्या बोटांत अजिबात हालचाल नाही, त्यांच्यासाठी हा कार्यक्रम या स्वरूपात बेताचाच ठरेल. अशा वेळी दुबळ्या हाताने कागद दाबून धरणे किंवा बाही वर ओढताना कापड अडवून ठेवणे, अशी आधाराच्या हाताची उद्दिष्टे ठेवता येतात, पण ती सुचवण्यात केंद्र कमी पडते, असे शेजारच्या टेबलावरील रुग्णांकडे पाहून वाटले. बोलण्यावर परिणाम झालेल्या रुग्णांसाठी मात्र चित्रांचे कार्ड वापरून उद्दिष्ट विचारले जाते, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

वडील ठरलेल्या मुदतीत शून्याच्या पायरीवर पोहोचले, म्हणजे गळ्याजवळचे सोडून सगळी बटणे लागतात, वेळ बराच लागतो आणि बाहीच्या बटणाला मदत द्यावी लागते. पुढच्या फेरीत केंद्राने हाताला हालचाल देणाऱ्या यंत्रावरची सत्रे सुचवली होती. त्याऐवजी तोच वेळ सहीच्या सरावाला द्यावा आणि प्रत्येक सत्रातील आवर्तने मोजून वहीत लिहावीत, असे आम्ही सांगितले. थेरपिस्टने काही आढेवेढे न घेता दोन्ही मान्य केले.