ॲव्हरेजच्या नावाखाली गळ्यात मारलेली मोटारसायकल

माझा भाचा वाईहून शिरवळला कंपनीत कामाला जातो. रोजचं जाणं-येणं सत्तर किलोमीटरच्या घरात. त्यामुळे जुनी गाडी बघताना त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, ॲव्हरेज किती देते? विकणाऱ्याने नेमकं तेच हेरलं. २०११ सालची शंभर सीसीची स्प्लेंडर, किंमत ३८ हजार. "सत्तरच्या खाली आली तर गाडी परत आणून लावा. टाकी फुल केली की सातशे किलोमीटर बघायचं काम नाही," असं छातीठोक सांगितलं.

नुसतं सांगून थांबला नाही. टाकीची नळी काढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, शंभर मिलिलिटरची बाटली जोडली आणि भाच्यालाच चालवायला दिली. गाडी बंद पडली तेव्हा मीटरवर सात किलोमीटरच्या वर दोन घरं सरकलेली होती. डोळ्यांसमोर झालेल्या चाचणीवर कोण शंका घेईल? ही बाटलीची चाचणी कशी फिरवता येते, ते सगळ्यांना कळावं म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

पहिली फुल टाकी सातशे सोडाच, साडेपाचशेच्या आसपास संपली. तीही न सांगता. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक 'ऑन'वर होता, गाडी हिसके देऊन थांबली, 'रिझर्व्ह'वर फिरवला तरी थेंब नाही. भाच्याला वाटलं, पंपावर माप मारलं. मी त्याला घेऊन त्या पंपावर गेलो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो. तिथलं माप चोख निघालं. उगाच त्या माणसांवर संशय घेतला गेला, याचंही खापर मी त्या विक्रेत्यावरच फोडतो.

खरी गोम महामार्गावर कळली. भाचा म्हणाला, "मामा, काटा साठवर असतो, पण मित्र शेजारून चालवतो त्याच्या मोबाइलवर अठ्ठेचाळीसच दिसतात." मग आम्ही पुणे–सातारा रस्त्यावरचे पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड धरून आकडे ताडून पाहिले. आठ दगड मागे गेले तेव्हा मीटरवर दहा किलोमीटर झाले होते! म्हणजे मीटरवरचे सत्तर हे रस्त्यावरचे छप्पन्न. गाडी साडेपाचशे नव्हे, साडेचारशेच्या आतच चालली होती.

जुन्या गाडीचं मीटर पुढच्या चाकातून येणाऱ्या केबलवर फिरतं. चाकाचे किती फेरे म्हणजे एक किलोमीटर, हे गणित त्या त्या मॉडेलच्या चाकाप्रमाणे मीटरमध्ये आणि ड्रममधल्या छोट्या गिअरमध्ये बसवलेलं असतं. मोठ्या चाकाच्या गाडीचं मीटर वर चढवलं की आकडा पळत सुटतो. आमच्या गाडीला तेच केलं होतं. त्यामुळे एकूण किलोमीटरचा आकडाही परकाच. ३१ हजार दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या पॅडलवरची नक्षी पार गुळगुळीत झालेली होती.

हे कळून गाडी उघडायला टाकायच्या आतच दुसरा फटका बसला. शिरवळहून परतताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. चढावर इंजिन तापून पिस्टन जाम झाला, मागचं चाक घासत थांबलं, आणि मागे भरलेला ट्रक होता. पोरगा वाचला तो ट्रकवाल्याच्या हुशारीने. हे लिहितानाही माझे हात थरथरतात.

आमच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला. मेन जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं तो भाग, मूळचा नव्हताच, लहान भोकाचा बसवलेला. पेट्रोल कमी, हवा जास्त. सपाटीवर हळू चालवली तर चार पैसे वाचल्यासारखं दिसतं, पण चढावर इंजिन भाजून निघतं. स्पार्क प्लगचं टोक चहाच्या रंगाचं हवं, ते पांढरंफटक होतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याने कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आणखी पातळ होतं. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून २०११ सालचं ॲव्हरेज आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथेच सावध व्हा. 'ऑन'वर असताना तळाचं पेट्रोल राखून ठेवणारी कॉकमधली उभी नळी तुटलेली होती, म्हणून रिझर्व्हचं पेट्रोलही 'ऑन'वरच संपत होतं. ती वयाने तुटली असेल, त्याचा दोष मी विक्रेत्याला देत नाही.

आणि ती बाटली? बाटली संपली तरी कार्बोरेटरच्या वाटीत आधीचं पेट्रोल असतंच. गाडी तेही पिऊन थांबते. शंभर मिलिलिटरच्या चाचणीत तेवढी वाटी मोठाच फरक पाडते. वर मीटर पळणारं, आणि रस्ता त्याने निवडलेला, उताराचा.

खरं ॲव्हरेज टाकी-ते-टाकीच कळतं. गाडी मधल्या स्टँडवर लावून गळ्यापर्यंत भरायची, दोनशे-अडीचशे किलोमीटर रोजच्या रस्त्यावर चालवायची, त्याच पंपावर तेवढीच भरायची. आणि अंतर मीटरचं नाही, मोबाइलचं किंवा दगडांचं धरायचं. विक्रेता एवढं करू देत नसेल तर किमान पाच दगड तरी मोजून या. चालत्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो का, चोक बराच वेळ लागतो का, हेही बघा. प्लग काढून दाखवायला सांगा.

बोअर-पिस्टन, जेट, कॉक आणि मूळ मापाचं मीटर मिळून सात हजारांच्या वर गेले. आता गाडी लिटरला बावन्न-त्रेपन्न देते, आणि एवढ्या वयाच्या गाडीला ते चांगलंच आहे. विक्रेत्याकडे गेलो तर म्हणाला, "ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या हातावर असतं, दादा. तुमचा मुलगा रेस जास्त देतो." पावतीवर 'आहे त्या स्थितीत' एवढंच लिहिलेलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, ते मागितलं तेव्हा त्याने विषयच बदलला. व्यवहाराच्या आधी ते बघायला मागा.

काढलेलं मीटर आणि जेट आम्ही जपून ठेवलेत, मेकॅनिककडून बिलावर प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद करून घेतली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात द्यायचा अर्ज तयार आहे.