डबा स्वस्त चालेल, वायर तांब्याचीच घ्या

माझं देवरुखला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, मिक्सर, पंखे, जळलेलं जे येईल ते. सव्वीस वर्षं तांब्याची तार हातातून जातेय. त्यामुळे कोल्हापुरात घरात इंटरनेट फिरवायला 'कॅट-६' छापलेल्या नेटवर्क केबलचं १०० मीटरचं वेटोळं उचललं तेव्हाच हाताला कळलं होतं, वजनात काहीतरी घोळ आहे. तरी घेतलं. नऊशे रुपयांत मिळत होतं. स्वस्ताला भुलू नका असं गिऱ्हाइकांना सांगून मी थकलोय, पण ते दुकानात बसून. दुसऱ्याच्या काउंटरसमोर उभं राहिलं की मीही गिऱ्हाईकच.

घरी येऊन एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. याला बाजारात 'सीसीए' म्हणतात आणि खोक्यावर ते शब्द असले तर मुंगीएवढ्या अक्षरात असतात, नसले तर नसतातच. लोहचुंबक लावून पाहायचा उपयोग नाही, तो तांब्यालाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही. ब्लेड लावा, नाहीतर मल्टिमीटर. मी वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची तार धरून मोजली तर १४ ओमच्या पुढे आकडा. तांब्याच्या चांगल्या केबलला १०० मीटरला साडेनऊच्या आत राहायला हवा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं, त्यामुळे हे होणारच. हल्ली स्वस्त पंख्यांमध्ये असलंच वाइंडिंग येतं. ते रोज सोडवणारा मीच, आणि फसलो पण मीच.

आता हे सगळं कशासाठी, तर लेकीसाठी. ती पुण्यात नोकरी करते आणि मे महिन्यात घरून काम करायला म्हणून महिनाभर येते. आमचं घर गावापासून तीन किलोमीटरवर, आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. जांभ्याची दीड फुटी भिंत. उन्हाळ्यात घर गार राहतं आणि वायफायही तिथेच गार पडतं. फायबरचा डबा केबलवाल्याने ओटीवर ठोकला, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. माजघरात दोन दांड्या, स्वयंपाकघरात कधी एक कधी शून्य, आणि मागच्या मांगरात, त्या परसातल्या सुट्या इमारतीत, जिथे लेकीला शांतता मिळते, तिथे काहीच नाही. २०२४च्या मेमध्ये तिने महिनाभर विहिरीच्या कठड्यावर बसून मीटिंगा केल्या.

पहिला उपाय मी तोच केला जो सगळे करतात. रिपीटर आणला, म्हणजे वायफाय पकडून पुढे सोडणारा डबा. भिंतीतल्या प्लगला लावायचा तो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही, त्या वस्तूच्या जातीचाच आहे. असला स्वस्त रिपीटर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, आधी ऐकतो मग बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. माजघरात दांड्या पाच दिसायच्या आणि यूट्यूब फिरत बसायचं. दांड्या म्हणजे वेग नव्हे, हे आमच्या घरात तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे.

मग राऊटर. साडेचौदाशेचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एसी १२००'. हा १२०० आकडा कुठून येतो ते समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, दोन्हींची बेरीज ११६७, ती फुगवून १२००. म्हणजे माझ्या दुकानात अर्ध्या अश्वशक्तीच्या दोन मोटरी ठेवून मी 'एक अश्वशक्तीचा पंप' अशी पाटी लावण्यासारखं. एका मोबाइलला दोन्हींची बेरीज कधीच मिळत नाही. आणि खरी गंमत खोक्याच्या मागच्या बाजूला होती: वायर लावायची भोकं फक्त १०० एमबीपीएसची. हवेत १२००, वायरीत १००. माझा प्लान ४० एमबीपीएसचा आहे, त्यामुळे इंटरनेटला काही फरक पडत नाही. पण घरातल्या घरात एका मशीनवरून दुसऱ्यावर फाईल न्यायची तर पडतो, आणि चांगलाच पडतो. पुतण्याच्या लग्नाचं ६० जीबीचं चित्रीकरण त्या भोकातून न्यायला दीड तास लागला. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात अकराच.

तरी राऊटर वाईट म्हणणार नाही. त्याला राऊटर म्हणून वापरू नका, एवढंच. मी आधी फायबरच्या डब्यातली वायर याच्या निळ्या भोकात लावली, तर घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार झाली. प्रिंटर एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, दोघांची बोलाचाल बंद. सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'ॲक्सेस पॉइंट' केल्यावर भांडण मिटलं. प्रत्येक यंत्राला नेटवर्कचा पत्ता द्यायचं काम एकाच डब्याने करायचं, दुसऱ्याने फक्त वायफाय हवेत सोडायचं. एका घरात दोन कर्ते नकोत. मांगरात तो लावलाय, तिथे ५ गिगाहर्ट्झ उत्तम चालतं, कारण मध्ये भिंत नाही.

पण तिथवर वायर न्यायची होती. ओटीवरून वर माळ्यावर, कौलांखालून मागे, तिथून पीव्हीसी पाइपातून परसातनं मांगर. एकूण ४० मीटर. नऊशेवाली सीसीए वायर मी तरीही आधी वापरून पाहिली, पैसे दिले होते म्हणून. एका टोकाला जॅक दाबून बसवताना (क्रिम्प करताना) तपकिरी तार कट्‌कन तुटली. दुसऱ्यांदा केलं, लागलं, मांगरातल्या टोकाला लॅपटॉप जोडला, दिवा पेटला, पण पिवळा. माझ्या नव्या स्विचवर (एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा) हिरवा म्हणजे १०००, पिवळा म्हणजे १००. आठही तारा धड नसल्या की हजाराचं शंभरावर येतं, आणि हा बदल कोणी तुम्हाला सांगत नाही, फक्त तो दिवा. दुपारी कौलं तापली की लाइन तुटायची, संध्याकाळी आपोआप जोडायची. हे दोन दिवस पाहिलं आणि वायर उपसून काढली. ती आता परसात पडवळाच्या मांडवाला बांधलीय. तिथे तक्रार नाही.

मग रत्नागिरीहून शुद्ध तांब्याची केबल आणली, मीटरला तीस रुपये, ६० मीटर. दुकानदारासमोरच ब्लेड काढलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, खरवडा, बिनधास्त खरवडा." अशा दुकानातून घ्या. रंगांचा क्रम मला आता आरतीसारखा येतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. मी माळ्यावर कौलं बाजूला करून बसलो होतो आणि २०२५ला पावसाने मे महिन्यातच गाठलं ते तुम्हाला आठवत असेल. अर्ध्या कामात भिजलो. बायको खालून म्हणाली, "अहो, इंटरनेट राहू दे, आधी कौल लावा." पण खाली उतरून पुन्हा लॅपटॉप जोडला तेव्हा दिवा हिरवा होता.

पाच भोकांचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच साडेअकराशेचा. याच्याबद्दल लिहायला काही नाही, आणि हीच त्याची स्तुती. लावला, विसरलो. लग्नाचं ते चित्रीकरण आता दहा-बारा मिनिटांत जातं.

मिनी यूपीएस मात्र घ्याच. आमच्याकडे वीज जाण्याला कारण लागत नाही. साडेबाराशेचा आणला, राऊटरला लावला, वीज गेली, राऊटर चालू आणि इंटरनेट बंद. फायबरचा डबा यूपीएसवर नव्हता ना! दोन्ही डबे यूपीएसवर घ्या, आणि त्याआधी दोघांच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. माझे दोन्ही १२चे निघाले म्हणून निभावलं. आता तीन तास आरामात निघतात.

आता लॅपटॉप. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे पाटीसारखं रोज दिसायला लागलं. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. माझा लॅपटॉप दोन पिढ्यांनी कमी पडला. आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट घ्यायची सोय होती, पण मी म्हटलं, मोटर जळायची वाट कशाला पाहायची.

आधी विंडोजऐवजी गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही मोफत सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. चपळ आहे, पण गूगल खात्याशिवाय तिच्यात फारसं काही करता येत नाही आणि मोबाइलची ॲप त्यात चालत नाहीत. माझ्या उपयोगाची नाही. मग लिनक्स मिंट २२.२ ही दुसरी मोफत सिस्टिम, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. हिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरूनच पूर्ण सिस्टिम चालते, डिस्कला हात न लावता. मी आठवडाभर तशीच वापरली, बँकेचं पासबुक पाहिलं, बिलं छापली, मग टाकली. तुम्हीही तसंच करा.

पहिलाच अडथळा वायफायचा. लॅपटॉपमधली वायफायची चिप ज्या कंपनीची, तिचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, मिंटमध्ये आयता नव्हता, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं. विहिरीत पडलेली बादली काढायला दुसरी बादली. मोबाइल यूएसबीच्या वायरीने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, मिंटने ते लगेच ओळखलं, 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर उतरवला, मशीन बंद-चालू केलं, झालं. वीस मिनिटं. पण हे ज्याला माहीत नाही तो तिथेच पेनड्राइव्ह काढून फेकेल.

खरं सांगायचं तर लॅपटॉप जो पळायला लागला त्याचं अर्धंअधिक श्रेय मिंटचं नाही. सोळाशेची एसएसडी (न फिरणारी डिस्क) आणि नऊशेची वापरलेली ८ जीबीची रॅम, या दोघांचं आहे. फिरत्या डिस्कवर मिंटही दमतच होतं. लिनक्स टाका आणि जुना लॅपटॉप नवा होतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना विचारा, डिस्क कुठली होती.

मराठीचं मात्र झकास आहे. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहेच, शिवाय 'कगप' नावाचा उच्चारावर चालणारा आहे, तो माझ्या हाताला बसला. दुकानाची बिलं आता लिबरऑफिसमध्ये मराठीत करतो. जुन्या डीटीपीच्या फाँटमधली पत्रं उघडली तर सगळी अगम्य चिन्हं. तो फाँट शोधून फाँटांच्या फोल्डरात टाकल्यावर वाचता आली, पण ती युनिकोडमध्ये आणायचं काम अजून पडून आहे. अख्खी सिस्टिम मराठीतून चालवायचा प्रयत्न केला आणि दोन दिवसांत परत इंग्रजीवर आलो. अर्धे शब्द मराठी, अर्धे इंग्रजी, आणि जे मराठी ते मला कळेनात.

बायकोला सिस्टिम बदलल्याचं चार दिवस कळलंच नाही, कारण मेनू डाव्या कोपऱ्यात खालीच आहे. पाचव्या दिवशी विचारलं, "पत्ते कुठे गेले?" पत्त्यांचा खेळ शोधून टाकला. विषय संपला.

साडूला मात्र मी हे सुचवणार नाही. तो सरकारी टेंडरं भरतो, डिजिटल सहीचं टोकन लावतो, ते सगळं विंडोजवर बसवलेलं आहे. त्याच्या मशीनवर प्रयोग करून टेंडर हुकलं तर दिवाळीला तोंड कुठे दाखवू?

मिंटचा एक फायदा नेटवर्कच्या कामात झाला. खालच्या पट्टीतल्या नेटवर्कच्या चिन्हावर उजवं क्लिक करून 'कनेक्शन इन्फर्मेशन' उघडलं की वायरीचा वेग समोर येतो, १०० की १०००. माळ्यावर चढायच्या आधी इथेच कळतं.

आणि मग ऑक्टोबर. परतीच्या पावसात वीज कुठेतरी जवळ कडाडली आणि स्विचचं एक भोक गेलं, मांगरावरून येणाऱ्या वायरीचं. लॅपटॉप वायफायवर होता म्हणून वाचला. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं नेलं की हे व्हायचंच, आणि हे मला, मला कळायला हवं होतं. तिथे फायबर टाकायला हवा, त्यात वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लागतात, तो खर्च पुढच्या सीझनला. राहिलेल्या चार भोकांवर काम चाललंय. तोवर दाटून आलं की वायर हाताने काढायची. ते काम बायकोकडे आहे. आधी खळ्यात पसरलेलं भात आत येतं, मग वायर निघते. क्रम बदलायला ती तयार नाही.