घरी बनवलेलं सर्किट विमानात: केबिन बॅग, चेक-इन की पार्सल?

ब्रेडबोर्ड (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पट्टी), त्यातून लोंबणाऱ्या रंगीत तारा आणि टेपनं चिकटवलेली बॅटरी. आपल्याला ते हवामान मोजणारं यंत्र वाटतं. एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला नाही. २००७ साली बॉस्टनच्या लोगन विमानतळावर एक विद्यार्थिनी स्वेटशर्टवर एलईडीचं सर्किट आणि ९ व्होल्टची बॅटरी लावून कुणाला तरी घ्यायला गेली. पोलिसांनी बंदुका रोखून तिला अटक केली. सर्किटमध्ये होते नुसते दिवे.

बरेच जण म्हणूनच चेक-इनकडे वळतात: तिथे कुणी विचारणार नाही, असा हिशोब. पण तिथेही बॅग तपासली जातेच, फक्त उत्तर द्यायला तुम्ही समोर नसता. केबिन बॅगेत वस्तू असेल तर ‘हे काय आहे’ या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येतं, चालू करून दाखवता येतं. माझं मत सरळ केबिनच्या बाजूचं आहे.

तसाही बॅटरीनं हा निर्णय निम्मा घेऊनच टाकलेला असतो. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत आणि पॉवरबँकही सुट्टीच धरतात. केबिनमध्ये धूर निघाला तर कर्मचाऱ्यांना दिसतो, पाणी ओतता येतं. खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार? मर्यादा एका बॅटरीला १०० वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप). १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. हिशोब सोपा: २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४ वॉट-अवर.

मात्र मर्यादेत बसलं म्हणजे सुटलो, असं नाही. जुन्या लॅपटॉपमधले १८६५० सेल (नळकांड्यासारखे लिथियम सेल) जोडून केलेला पॅक ५०-६० वॉट-अवरचाच असेल, पण विमानातून न्यायच्या लिथियम बॅटरीचा प्रकार यूएन ३८.३ या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा चाचणीत उतरलेला असावा लागतो. घरच्या पॅकची ती चाचणी कुणी केलेली नसते. तो घरीच ठेवा आणि सर्किट ५ व्होल्टवर, यूएसबीनं, बाजारातल्या पॉवरबँकवर चालेल असं करून घ्या. (सर्किट अगदीच कमी करंट ओढत असेल तर काही पॉवरबँक आपोआप बंद पडतात. हे घरीच तपासा, तपासणीच्या रांगेत नको.)

ब्रेडबोर्डपेक्षा सोल्डर केलेला (वितळवलेल्या धातूनं जोड पक्के केलेला) बोर्ड बरा, काळ्या बंद डब्यापेक्षा पारदर्शक झाकण बरं. इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारा गोंद) ओतून बुजवलेलं काही असेल तर आत काय आहे ते कुणालाच दाखवता येत नाही, ते टाळाच. उलटे आकडे मोजणारा डिस्प्ले असेल तर प्रवासापुरता प्रोग्रॅम बदला.

पार्सल कधी? वस्तू मोठी असेल किंवा दिसायलाच भीतीदायक असेल तेव्हा. पण बॅटरीशिवाय. एप्रिल २०१६ पासून सुट्ट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसाव्या लागतात. बोर्ड पार्सलनं, पॉवरबँक तुमच्यासोबत, ही जोडी चांगली जमते. परदेशी पाठवत असाल तर कस्टम्ससाठी वेळ हाताशी ठेवा.

विजेवरचा सोल्डरिंग आयर्न आणि पक्कड चेक-इनमध्ये टाका. गॅसवरचा आयर्न मात्र घरीच राहू द्या.